शेवटचा काळ आणि नवगावचा किनारा

आजचं वाचन: मत्तय २४:३-१४ आणि ३२-४६, लूक २१:२९-३३, यिर्मया २९:४-१४



आजचा भाग अवघड आहे, म्हणूनच तो टाळायचा नाही. जैतुनाच्या डोंगरावर शिष्यांनी येशूला एकान्तात गाठून विचारलं की हे सगळं केव्हा होईल आणि त्याचं चिन्ह काय. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली, प्रश्न तेच आहेत. फक्त आता ते रात्री साडेअकराला फोनच्या स्क्रीनसमोर पडतात. लाल अक्षरांतलं थंबनेल, मागे आगीचे लोळ आणि खाली एक वर्ष. असा व्हिडिओ पाहिल्यावर झोप उडते आणि मग मनात येतं: प्रभू इतक्या लवकर येणार असेल तर एमटेकची तयारी कशाला करायची? लग्न ठरवायचं का? घरासाठी २० वर्षांचं कर्ज घेणं म्हणजे अविश्वास तर नाही ना?

हे प्रश्न हसण्यावारी नेऊ नयेत. त्यांच्यामागे खरी भीती असते, आणि पुष्कळदा प्रभूवरचं खरं प्रेमही असतं. प्रभू पुन्हा येणार हा आपला विश्वास आहे. मतांगीकार म्हणताना आपण तो मोठ्याने उच्चारतो. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ही वचनं वाचायची कशी याबद्दल. ते शिकायला आज आपण यरुशलेमला जाण्याआधी जरा जवळच थांबू. भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून लाँच पकडायची, मांडव्याला उतरायचं आणि अलिबागच्या वाटेला लागायचं.

किनाऱ्यावरच्या कबरी

अलिबागच्या उत्तरेला, किहीम-थळच्या पट्ट्यात नवगाव आहे. तिथे समुद्राजवळ बेने इस्राएल लोकांचं जुनं कब्रस्तान आहे. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांचे देह लाटांनी किनाऱ्याला आणले, ते नवगावला पुरले गेले, आणि वाचलेली माणसं कोकणात राहिली.

राहिली म्हणजे अगदी इथलीच झाली. तेलाचे घाणे चालवू लागली. शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद, त्यामुळे गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शमा' ही प्रार्थना एवढं त्यांनी पिढ्यानपिढ्या जपलं. आडनावं मात्र गावांवरून घेतली: किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर. घरात बोलायची भाषा मराठी.

ते नेमके कुठून आणि केव्हा आले याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. पण त्यांच्यातलेच हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वज इ.स.पू. १७५ च्या सुमारास गालीलातून निघाले असावेत. म्हणजे अँटिओकस एपिफानेस या ग्रीक राजाच्या काळात.

आता दानीएलाचं पुस्तक उघडा.

एक वचन, किती काळ?

अँटिओकसने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरात झ्यूसची वेदी उभारली. सुंता आणि शब्बाथ यांच्यावर बंदी घातली. दानीएल ११:३१ मधला ओसाडीचा अमंगळ पदार्थ म्हणजे हीच घटना, असं यहूद्यांनी ओळखलं. तीन वर्षांनी मंदिर पुन्हा शुद्ध झालं आणि त्याची आठवण म्हणून हनुक्का हा सण सुरू झाला. बेने इस्राएलांच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हता, म्हणून पूर्वज त्याआधीच निघाले असणार, असा तर्क करतात.

म्हणजे वचन पूर्ण झालं, विषय संपला? नाही. त्यानंतर जवळजवळ २०० वर्षांनी येशू मत्तय २४:१५ मध्ये दानीएलाचे तेच शब्द घेतो आणि ते पुढे घडायचं आहे असं सांगतो. मग इ.स. ७० मध्ये रोमी सेनापती तीत याने मंदिर जाळलं. आणि आजही मंडळीतले पुष्कळ जण मानतात की त्या शब्दांचा शेवटचा अर्थ अजून यायचा आहे.

यातून काय शिकायचं? संदेष्ट्याचं वचन म्हणजे एकदा वापरून फेकून द्यायचं तिकीट नव्हे. माणूस देवाच्या जागी बसू पाहतो, देवाच्या लोकांना चिरडतो, आणि देव त्याला खाली ओढतो, हे पुन्हा पुन्हा घडतं, आणि शेवटी एकदा पूर्णपणे घडेल. म्हणून तर योहान आपल्या पहिल्या पत्रात (२:१८) सांगतो की ख्रिस्तविरोधी येणार हे तुम्ही ऐकलंय, पण पुष्कळ ख्रिस्तविरोधी आधीच आलेले आहेत. आजच्या एखाद्या नेत्याचा फोटो लावून हाच तो म्हणणारा हे वचन अर्धंच वाचतो.

आणि नवगावच्या त्या चौदा जणांचा विचार करा. परंपरा खरी धरली तर त्यांच्यासाठी जगाचा अंत होऊन गेला होता. देश सुटला, मंदिर लांब राहिलं, सोबतची माणसं डोळ्यांसमोर बुडाली. त्यानंतर त्यांनी काय केलं? मेलेल्यांना पुरलं, घाणा घातला, आणि शनिवार पाळला.

अंजिराचं झाड आणि कॅलेंडर

मत्तय २४:३२ मध्ये येशू अंजिराच्या झाडाचा दाखला देतो: पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे कळतं. बहुतेक व्हिडिओंचा सगळा डोलारा या एका झाडावर उभा असतो. अंजीर म्हणजे इस्राएल, पालवी म्हणजे १४ मे १९४८, एक पिढी म्हणजे ४० वर्षं, करा बेरीज.

ही बेरीज खरोखर केली गेली आहे. १९७० मध्ये अमेरिकेत हॅल लिंडसे यांच्या पुस्तकाने हा हिशेब घरोघरी पोचवला. एडगर विझनंट यांनी प्रभू १९८८ मध्येच मंडळीला नेणार याची ८८ कारणं छापली. १९८८ आलं आणि गेलं. मग पिढी ४० ची ७० झाली, ७० ची ८० झाली. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी वेगळ्या हिशेबाने २१ मे २०११ ही तारीख दिली; तो दिवस गेल्यावर २१ ऑक्टोबर दिली. तोही गेल्यावर, दुसऱ्या वर्षी, तारखा सांगणं हे पाप होतं असं त्यांनी जाहीरपणे कबूल केलं. त्यांच्या भरवशावर साठवलेले पैसे खर्च करून बसलेल्या माणसांना मात्र ते पैसे परत मिळाले नाहीत.

आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट: विझनंट नासात काम केलेले इंजिनिअर होते आणि कॅम्पिंग यांची पदवी सिव्हिल इंजिनिअरिंगची होती. आकड्यांत मांडलेली गोष्ट आपल्याला लगेच खरी वाटते, हा आपल्या शिक्षणाचा गुण आहे आणि तोच खड्डाही आहे. आमच्या क्षेत्रात याला ओव्हरफिटिंग म्हणतात. हाताशी असलेल्या डेटातल्या प्रत्येक योगायोगालाही जुळवून घ्यायचं. मग मॉडेल जुन्या डेटावर शंभर टक्के बरोबर येतं आणि उद्याच्या दिवशी आपटतं.

गंमत म्हणून करून बघा. अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन अवोत नावाचं सिनेगॉग आहे, ते १८४८ मध्ये बांधलं गेलं. इस्राएल देश झाला १९४८ मध्ये. बरोबर १०० वर्षं! मधल्या अक्षरात 'कोकणातलं रहस्य' लिहिलं की झाला व्हिडिओ. पण त्यात अर्थ काही नाही. दोन वर्षं शेजारी ठेवली की माणसाचं मन त्यांच्यात दोरी बांधतंच.

आता लूक २१:२९ वाचा. तोच दाखला, पण लूक म्हणतो अंजिराचं झाड आणि बाकीची सगळी झाडं. सगळी! मग बाकीच्या झाडांचे देश कोणते धरायचे? दाखल्याचा रोख एका देशाच्या वाढदिवसावर नाही; पालवी बघून ऋतू ओळखायला कोकणातल्या आजीला कॅल्क्युलेटर लागत नाही, एवढं साधं ते आहे. आणि चारच ओव्यांनंतर, मत्तय २४:३६ मध्ये, येशू स्वतः सांगतो की तो दिवस आणि ती घटका देवदूतांना माहीत नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे. जे पुत्राने सांगितलं नाही ते आपल्याला चॅनेलवर कळावं?

याचा अर्थ १९४८ क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही. यशया ४३:५-६ मध्ये देव आपल्या लोकांना पूर्वेकडून आणण्याची गोष्ट करतो. त्या वचनाचा अर्थ आजच्या इस्राएल देशात पाहणारे विश्वासू ख्रिस्ती आहेत, आणि ते सगळं ख्रिस्तात पूर्ण झालं असं मानणारेही आहेत. दोन्हींकडे देवाला भिऊन वागणारी माणसं आहेत. पण तारीख दिलेली नाही, यावर दोघांचंही एकमत व्हायला हवं, कारण तिथे वचन स्पष्ट आहे.

चिन्ह नव्हे, शेजारी

देश झाला तेव्हा भारतात सुमारे २० हजार बेने इस्राएल होते. पुढच्या काही दशकांत बहुतेक निघून गेले. रेवदंड्यापासून पेणपर्यंतच्या आळ्यांतली घरं रिकामी झाली. व्हिडिओत ही गोष्ट एका वाक्यात संपते: भविष्यवाणी पूर्ण झाली! प्रत्यक्षात काय झालं? तिथे गेल्यावर काहींना भेदभाव सोसावा लागला, त्यांनी धरणं धरलं, आणि १९५२ मध्ये काही कुटुंबं भारतात परतली. १९६१ नंतर तिथल्या धर्मगुरूंनी लग्नासाठी त्यांच्या वंशाची चौकशी करायचा नियम काढला. म्हणजे शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना विचारलं गेलं की तुम्ही खरे यहूदी का? त्यांनी आंदोलन केलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहूदी आहेत असं मान्य केलं. आज अश्दोद, बैर-शेबा, दिमोना इथे त्यांची वस्ती आहे. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं.

अश्दोदवर रॉकेट पडतं तेव्हा ते कोकणातून गेलेल्या कुणाच्या तरी आजीच्या डोक्यावरून जातं. गाझात घर कोसळतं तेव्हा त्याखालीही कुणाची तरी आजी असते. तिथेही एक लहानशी ख्रिस्ती मंडळी आहे. अशा बातमीखाली आपली मुलं टाळ्यांची चिन्हं टाकतात, कारण प्रभूचं येणं जवळ आलं! आमोस ५:१८ काढून वाचा. प्रभूच्या दिवसाची हौस असलेल्यांना संदेष्टा तिथे हाय हाय म्हणतो, कारण तो दिवस त्यांना वाटतो तसा उजेडाचा असणार नाही.

आणि आपला प्रभू? लूक १९:४१-४४ मध्ये तो यरुशलेमचा नाश सांगतो. शत्रू वेढा घालतील, दगडावर दगड राहणार नाही. हे त्याला अचूक माहीत होतं, चाळीसएक वर्षांनी ते झालंही. पण ते सांगताना तो शहराकडे बघून रडला. भविष्य सगळ्यांत अचूक जाणणारा जर रडत असेल, तर त्याच्या नावाने भविष्य सांगणाऱ्याच्या आवाजात विजयाचा सूर कसा? माझ्या मते खऱ्या-खोट्या अर्थाची पहिली परीक्षा हीच आहे. त्या व्हिडिओत रडणारं कुणी आहे का?

एलीया आला, पण ओळखला नाही

अलिबागजवळ खंडाळा गावी एक खडक आहे. संदेष्टा एलीया तिथे आला होता आणि त्याच्या रथाच्या, घोड्याच्या टापांच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा. परदेशी गेलेली कुटुंबं आजही तिथे येऊन नवस फेडतात, पोहे-खोबऱ्याचा गोड मलिदा करून एलियाहू हन्नबीची प्रार्थना म्हणतात. मलाखी ४:५-६ सांगतो की प्रभूच्या दिवसाआधी एलीया येईल आणि बापांची मनं मुलांकडे, मुलांची बापांकडे वळवील.

शास्त्री लोक या वचनाची वाट पाहत होतेच. आणि मत्तय १७:१२ मध्ये येशू सांगतो की एलीया येऊन गेला, त्यांनी त्याला ओळखलं नाही. तो बाप्तिस्मा करणारा योहान होता. तुरुंगात गेला, मारला गेला. ज्यांना वचन तोंडपाठ होतं त्यांच्याच समोरून ते चालत गेलं, कारण ते रथ शोधत होते. वचन अगदी जसंच्या तसं पूर्ण होतं, पण आपण काढलेल्या चित्राप्रमाणे होतंच असं नाही.

मग करायचं काय?

यिर्मयाच्या काळी एक हनन्या होता. बाबेलला धरून नेलेले लोक दोन वर्षांत परत येतील, असं त्याने मंदिरात सगळ्यांसमोर सांगितलं (अध्याय २८). लोकांना ते आवडलं असणार; तारीख जवळची होती. यिर्मयाने मात्र बंदिवानांना पत्र लिहिलं: ७० वर्षं लागतील. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलं होऊ द्या, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. खोटा संदेष्टा तारीख जवळ आणून लोकांचे हात थांबवतो. खरा संदेष्टा आशा पक्की ठेवतो आणि हातात कुदळ देतो.

म्हणून सरळ उत्तरं देतो. शिक्षण सोडू नका. योग्य माणूस असेल, घरच्यांशी बोलणं झालं असेल तर लग्न करा. कर्ज झेपत असेल तर घ्या. झेपत नसेल तर शेवटचा काळ असो वा नसो, घेऊ नका. थेस्सलनीकातल्या काहींनी प्रभू येतोय म्हणून कामधंदा सोडला असावा, पौलाने त्यांना निवांतपणे काम करून आपली भाकरी कमवायला सांगितलं (२ थेस्सल. ३:१०-१२).

जागे राहा म्हणजे काय, हे ऑन-कॉल ड्युटी करणाऱ्यांना पटकन कळेल. ऑन-कॉल माणूस रात्रभर डॅशबोर्डकडे डोळे लावून बसत नाही. तो सिस्टीम नीट ठेवतो, फोन हाताशी ठेवतो, आणि झोपतो. मत्तय २४:४५-४६ मधला विश्वासू दास धनी येतो तेव्हा काय करत असतो? घरातल्यांना वेळच्या वेळी जेवण देत असतो. खिडकीतून वाट बघणारा नव्हे, ताट वाढणारा धन्य ठरतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. हवामान खात्याने आधी सांगितलं होतं, लोकांना हलवलं गेलं, त्यामुळे पुष्कळ जीव वाचले. मग प्रभूने तारीख का दिली नाही? कारण वादळाच्या इशाऱ्याचं काम एका दिवसापुरतं निवाऱ्याला नेण्याचं असतं. वादळ गेलं की माणूस पुन्हा पहिल्यासारखा जगतो. प्रभूला एका दिवसाची धावपळ नको आहे. त्याला आपले सगळेच दिवस हवे आहेत. तारीख कळली असती तर आदल्या रात्रीपर्यंत आपण भावाशी अबोला धरला असता.

त्या वादळात श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पिकाला यायला वर्षं घेणारी रोपं लोकांनी त्याच मातीत पुन्हा लावली. पुढचं वादळ येणार हे त्यांना माहीत आहे. तरीही लावली. यिर्मयाने त्यांचं कौतुकच केलं असतं.

आज मनन करण्यासाठी

पुढच्या वेळी शेवटच्या काळाचा व्हिडिओ समोर आला तर स्वतःला चार प्रश्न विचारा. यात तारीख दिली आहे का? वचन आजूबाजूच्या ओव्यांसकट वाचलं आहे का? कुणाच्या मरणावर यात आनंद आहे का? आणि तो बघून झाल्यावर मी प्रार्थनेला बसतो, कुणाला मदत करायला उठतो, की फक्त पुढचा व्हिडिओ लावतो? वचन तुम्हाला प्रभूकडे आणि शेजाऱ्याकडे नेत असेल तर धरून ठेवा. नुसतं धास्तावत असेल तर ते बंद करून बायबल उघडा.

प्रार्थना

प्रभू येशू, तू येणार आहेस. आम्हाला तारीख नको, तुझी ओळख पटेल असे डोळे दे. शहराकडे बघून तू रडलास, तसं आमचं मन मऊ कर. यरुशलेमला शांती दे, गाझाला शांती दे, आणि आमच्या किनाऱ्यावरून गेलेल्या लेकरांना जिथे आहेत तिथे सांभाळ. भीतीने झोप उडालेल्या प्रत्येकाला आज शांत झोप दे. आणि तू येशील तेव्हा आम्ही कुणाला तरी ताट वाढत असलेले तुला सापडू दे. आमेन.